बाहेरचा उजेड

कारखान्यात घरच्यांना बोलावण्याचा दिवस ठरला, तेव्हा आमच्याकडे सगळ्यात आधी तयार होऊन बसली ती आई. कडक इस्त्रीचे कपडे, पायात पांढरे बूट, हातात काठी. आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवल्यामुळे कुठेही निघायचं म्हटलं की तिला बूट लागतात, आणि उशीर करणाऱ्याला सुनावायला चार शब्द लागतात.

"आजी, तुला तिथे काय दिसणार आहे?" माझ्या लेकीने विचारलं. असले प्रश्न आडवळणाने विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

"दिसायचं काय घेऊन बसलीस? तुझी आई दिवसभर कुठल्या फरशीवर उभी असते ती मला पायाखाली घ्यायचीय. चल, पाठ सरळ कर."

आईची दृष्टी लेकीच्या जन्माआधीच गेली. डोळे वरून ठणठणीत, पण डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा वाळल्या. खिडकी उघडी आहे की बंद एवढंही तिला वाऱ्यावरून ओळखावं लागायचं. रडारड तिने फार केली नाही. थोडे दिवस सगळ्यांवर खेकसली, मग काठी घेतली आणि पूर्वीसारखीच घर चालवायला लागली.

माझं काम मोजण्याचं. आमच्या कारखान्यात चिप बनतात आणि त्यातल्या काही चिपमधून विजेऐवजी उजेड धावतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून लेझरचा उजेड चिपमध्ये सोडायचा, आत कोरलेल्या बारीक वाटांनी फिरून तो दुसऱ्या टोकाला आला की किती शिल्लक राहिला ते बघायचं. हा उजेड माणसाला दिसत नाही. लाल रंग संपतो त्याच्या बराच पलीकडचा तो. त्यामुळे आम्ही दिवसभर उजेडात काम करतो आणि आमच्यापैकी कुणीही तो कधी पाहिलेला नाही. एक खास कॅमेरा तेवढा तो टिपतो आणि पडद्यावर राखाडी चित्र उमटवतो.

त्या दिवशी पाहुण्यांना हेच दाखवायचं काम मिशीकडे होतं. मिशी म्हणजे माझा सहकारी. त्याला मिशी आहे हे निम्म्या कारखान्याला माहीत नाही, कारण चिपसाठी सिलिकॉनच्या चकत्या बनतात त्या दालनात सगळ्यांच्या नाकातोंडावर कापड असतं. हे नाव कँटीनमध्ये पडलं. त्याने अगदी मंद, डोळ्यांना अपाय न करणारा लेझर घेतला आणि तंतूचं टोक एका पांढऱ्या कागदाकडे वळवलं. "बघा, कागदावर काही दिसतंय? नाही ना? आता इकडे पडद्यावर बघा!" पडद्यावर कागद उजळून निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई माझ्या दंडाला धरून मागे उभी होती. तिची पकड एकदम घट्ट झाली.

"हा दिवा कुणी लावला?" ती म्हणाली.

मला वाटलं, टाळ्यांवरून तिने अंदाज बांधला असेल. "कुठला गं?"

"तो काय. कागदावर."

तिने काठी उचलून नेमकं बोट दाखवावं तसं दाखवलं.

पाहुण्यांचा घोळका पुढच्या खोलीत गेल्यावर मी दार लावून घेतलं. मिशीने तंतूसमोर काळा पुठ्ठा सरकवला. आवाज होऊ नये म्हणून त्याने बटणाला हातही लावला नव्हता.

"विझला," आई म्हणाली.

पुठ्ठा काढला. "लागला." पुन्हा सरकवला. "विझला. अरे, खेळतोयस काय मुला?"

मिशीने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खोक्यातली सिलिकॉनची एक टाकाऊ चकती घेऊन त्याने ती उजेडाच्या वाटेत धरली. ही चकती आपल्याला आरशासारखी दिसते, करडी आणि चकचकीत. तिच्यापलीकडचं काहीही दिसत नाही.

"आता काच कशाला धरलीस मधे?" आईने विचारलं.

मला घाम फुटला तो या वाक्याने. आमच्या त्या उजेडाला सिलिकॉन खरोखरच काचेसारखं पारदर्शक असतं. म्हणून तर त्याच्यात वाटा कोरता येतात. हे आईला मी कधी सांगितलं नव्हतं, आणि अंदाजाने सांगता येईल अशी ही गोष्ट नाही.

मिशीने उजळलेला कागद तंतूसकट हळूच माझ्या चेहऱ्याजवळ आणला. आई वळली. तिची नजर, जी इतकी वर्षं माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची, ती माझ्या डोळ्यांत येऊन थांबली.

तिने माझा चेहरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग हसायला लागली.

"इतक्या वर्षांनी बघतेय, आणि तू तोंड काळं करून उभी! आणि केस पांढरेफटक! काय गं ही दशा?"

त्या उजेडात कातडी काळसर आणि काळे केस फिकट दिसतात, हे मी तिला समजावायला तोंड उघडलं. त्याऐवजी तिचा हात धरला. मिशी भिंतीकडे तोंड करून उगाच तंतू पुसत बसला.

आमच्या विभागप्रमुखांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि भंगारात काढलेला एक छोटा लेझर मागितला. त्यांनी आईला बोलावून पुठ्ठ्याचा खेळ स्वतः करून पाहिला. एकदा त्यांनी पुठ्ठा हलवल्याचं नुसतं नाटक केलं. आई म्हणाली, "साहेब, फसवू नका, शाळेत तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत." साहेब इतके हसले की बाहेर काम करणाऱ्या दोघी दार उघडून बघायला आल्या.

लेझर मिळाला. मिशीने त्याच्यापुढे दुधी काचेची वाटी बसवली, म्हणजे उजेड मंद होऊन चहूकडे पसरेल, आणि ते सगळं उन्हाळी टोपीच्या पुढच्या बाजूला पक्कं केलं. बॅटरी खिशात. आईने टोपी चढवली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"ही म्हातारी कोण?" असं म्हणून तिने आरशाला सलाम ठोकला.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. आई सकाळपासून टोपी घालून घरभर हिंडायची. भिंतीवरचे डाग, पलंगाखालची धूळ, माझ्या कपाटातला पसारा, सगळ्याची झडती झाली. माझा नवरा नाटकांचे कपडे शिवतो आणि स्वतः बारा महिने काळा सदरा घालतो. त्याला पाहून आई म्हणाली, "जावईबापू, पांढऱ्यात रुबाबदार दिसता हं!" काळं सुती कापड त्या उजेडात पांढरं दिसतं. नवऱ्याने मान झुकवली आणि म्हणाला, "तुम्हीच पहिल्या, आई. बाकी सगळ्यांना वाटतं मी सुतकात आहे." पाणी मात्र तिला काळंकुट्ट दिसायचं. पहिल्या दिवशी पेला तोंडाजवळ नेऊन ती थबकली आणि म्हणाली, "शाई कशाला दिलीस गं प्यायला?"

आणि लेक. तिला तर आईने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या दातांना तारा लावल्यापासून ती तोंडावर हात ठेवून हसायची, फोटोला ओठ मिटून उभी राहायची. आईने तिला खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली, टोपीचा उजेड सरळ चेहऱ्यावर धरला.

"हास."

"नको ना आजी."

"हास म्हटलं ना!"

ती हसली. तारा लखलखल्या असणार, कारण आई मागे सरकली आणि म्हणाली, "अगं बाई, केवढा हा थाट! दातांत दागिने घालून बसलीय आमची राजकन्या!" लेक आधी हसली, मग आजीच्या गळ्यात पडून रडली, मग दोघी मिळून हसल्या. तोंडावर हात ठेवणं तिने त्या दिवसापासून सोडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आई, लेक आणि मी गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. नसा होत्या तशाच वाळलेल्या. बॅटरीचा झोत टाकला तरी बाहुली आकसत नव्हती. "काही बदल नाही," त्या म्हणाल्या. मग आईने टोपी घातली आणि म्हणाली, "तुमच्या खिशाला तीन पेनं आहेत आणि एकाचं टोपण हरवलंय." डॉक्टरीणबाई खाली बसल्या. खिशाकडे पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "मी यावर काय लिहू?" मी म्हटलं, "काहीच लिहू नका. चहा घेणार का?" आम्ही समोरच्या दुकानात जाऊन चौघीजणी चहा प्यायलो.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. आमच्या लेझरसारखा उजेड सूर्याच्या उन्हातही असतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असतो, तापलेल्या शेगडीत असतो. आईला तो दिसत असेल, तर ऊन का दिसू नये? मी तिला भर दुपारी अंगणात नेलं, टोपी काढली.

"काय दिसतं?"

"काही नाही. ऊन लागतंय."

टोपी घातली. "आता तुझं नाक दिसतंय. सोललंय."

मी मिशीला विचारलं. त्याने हनुवटी खाजवली. "उन्हात सगळ्या रंगांचा गोंगाट असतो. आपला लेझर म्हणजे एकच सूर. काकूंना तेवढाच ऐकू येत असेल." हे काही उत्तर नव्हतं, त्यालाही ठाऊक होतं. पण आई खूश होती, घर खूश होतं. मी प्रश्न बाजूला ठेवला.

मग एका सकाळी न्याहारी करताना आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "समोरच्यांच्या गच्चीवर कुणीतरी चादर विसरलंय. भिजणार आता."

मी पाहिलं. चादर होती, दोरीवर एका चिमट्याला लोंबत. समोरचं घर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, झाडामागे. टोपीतला लेझर मी स्वतः मोजला होता. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा जेमतेम दिसेल एवढाच त्याचा जोर. रस्ता ओलांडणं त्याला शक्य नव्हतं.

"आई, इतक्या लांबचं दिसतं तुला?"

"हल्ली दिसतं," ती म्हणाली. "नजर बसली असेल."

त्याच आठवड्यात मिशीने मला मापनाच्या खोलीत बोलावलं. पूर्ण अंधारातही उजेड मोजणारा आमचा डिटेक्टर शून्य दाखवत नाही, अगदी बारीक काहीतरी आकडा दाखवतो. त्याला आम्ही आपसांत नुसतं 'अंधार' म्हणतो. रोज सकाळी आधी अंधार मोजायचा आणि नंतरच्या प्रत्येक मापातून तो वजा करायचा.

"आपला अंधार वर सरकलाय," मिशी म्हणाला.

आम्ही तंतू पुसले. डिटेक्टर बदलला. सगळे लेझर बंद करून किल्ली मी खिशात टाकली. आकडा तसाच. मग मिशीने टेबलावर जाड काळं रबरी कापड टाकलं आणि आकडा झपकन खाली आला, पूर्वी असायचा तिथे. कापड काढलं, पुन्हा वर.

"म्हणजे खोलीत कुठेतरी दिवा लागलाय," मी म्हटलं.

"आपल्याच रंगाचा." त्याने इकडेतिकडे पाहिलं. खोलीला खिडकी नव्हती. "काय वाईट आहे? फुकटचा उजेड." हे म्हणताना तो हसला, आणि मग म्हणाला, "फक्त एवढंच, की बघायचं असल्याशिवाय कुणी उजेड टाकत नाही."

त्या संध्याकाळी घरी आले तर अंगणात हसण्याचा कल्लोळ. आई आणि लेक चेंडू खेळत होत्या. लेक उंच फेकायची, आई दोन पावलं मागे जाऊन झेलायची, आणि "ढिली पडलीस! जोरात!" म्हणून परत करायची. एकदा चेंडू कुंपणाला लागून तिरका उडाला तर आईने वाकून एका हातात टिपला. नवरा पायरीवर बसून टाळ्या पिटत होता. मी फाटकापाशी उभी राहून पोटभर बघितलं. सत्तरीच्या उंबरठ्यावरची माझी आई, पांढरे बूट, लाल झालेले गाल. वाटलं, याहून जास्त काही मागू नये.

मग पाणी प्यायला आत गेले. टेबलावर आईची टोपी होती. तिच्या बॅटरीची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावलेली होती आणि बॅटरी भरत असल्याचा इवलासा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

बाहेर चेंडू आईच्या तळहातावर फटकन आदळला आणि लेक ओरडली, "झकास, आजी!"

मी आईला आत बोलावलं. ती घाम पुसत आली.

"टोपी इथे आहे, आई."

"हो. संपली होती, म्हणून लावली."

"मग तू बघतेयस कशाने?"

"बाहेरच्या उजेडाने." मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं ती म्हणाली.

"कुठल्या बाहेरच्या?"

"ते मला काय माहीत? येतो. आधी मिणमिणता यायचा, आता चांगला येतो. संध्याकाळी जास्त." तिने माझा हात शोधला नाही. सरळ धरला. "तू घाबरलीस."

"आई, बाहेर दिवा धरणारं कुणी नाही. मी रोज त्याच रस्त्याने येते."

"बरं, नाही तर नाही."

"मग तू खिडकीशी उभी राहून हात कुणाला हलवतेस?" हे मी दोनतीनदा पाहिलं होतं आणि शेजाऱ्यांना असेल म्हणून सोडून दिलं होतं.

आई जरा लाजली. कधी न लाजणारी बाई.

"ते बघतात म्हणून हलवते," ती म्हणाली. "चेहरे नाही दिसत मला. उजेड धरलाय एवढंच दिसतं, दिवा धरणाऱ्याचं तोंड कसं दिसणार? पण बघतात. एक सांगू? डोळे गेले ना, तेव्हापासून माझ्या तोंडाकडे बघून कुणी बोललं नाही. डॉक्टर तुझ्याशी बोलायचे. दुकानदार तुझ्याशी बोलायचा. मी तिथे असूनही सगळे माझ्या पलीकडे बघायचे. लोकांना वाटतं, हिला कुठे कळतंय. हे तसे नाहीत. हे मला नीट बघतात. सावकाश. शाळेत मैदानावर उभी राहायचे, शंभर पोरं माझ्या शिट्टीकडे कान लावून असायची, तसं वाटतं मला."

ती इतकी आनंदात होती.

"टोपी ठेव काढून," ती म्हणाली. "किंवा मिशीला दे परत. मला आता लागत नाही."

आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी कारखान्यातला तो कॅमेरा घरी आणला. त्याच्या भिंगापुढे एक गाळणी असते. फक्त आमच्या लेझरचा रंग ती आत सोडते, बाकी सगळा उजेड अडवते. घरचे दिवे असोत की ऊन असो, त्यातला आमच्या नेमक्या रंगाचा वाटा इतका किरकोळ, की आमचा दिवा जवळपास नसेल तर पडदा काळा. विभागप्रमुखांनी तो स्वतः माझ्या हातात दिला. "वाढदिवसाला येणारच आहे मी. आईंनी दटावलंय मला."

सगळे आले. मिशी, साहेब, डॉक्टरीणबाई, नवऱ्याच्या दुकानातल्या दोघी शिंपिणी. सोफा भिंतीला लावून खोली मोकळी केली होती. गाणी लागली, पण आईला नाच मान्य नव्हता. तिने कपाटातून जुनी शिट्टी काढली आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं. "हात वर! बाजूला! खाली! साहेब, पोट आत!" साहेबांनी पोट आत घेतलं. डॉक्टरीणबाईंना हसता हसता ठसका लागला. मिशी मुद्दाम उलट्या बाजूला वळायचा आणि आई अचूक त्याच्यापुढे जाऊन शिट्टी फुंकायची. केक कापताना लेकीने आजीच्या गालाला क्रीम फासलं. आजीने तिच्या नाकाला. खोलीभर नुसता दंगा.

उन्हं उतरली तशी आई खिडकीशी गेली. खिडकीचा पडदा बाजूला सारला, गालाला क्रीम तसंच, हनुवटी जरा वर.

मी कॅमेरा आधीच तिथे तीन पायांच्या स्टँडवर लावून ठेवला होता, खिडकीच्या बाजूला, आत तोंड करून. टोपी मिशीच्या डोक्यावर होती, तिची बॅटरी मी काढून घेतली होती. घरात आमच्या रंगाचा दुसरा कुठलाही दिवा नव्हता.

मी कॅमेऱ्याचा पडदा सुरू केला. काळा. गाळणी सगळं अडवत होती, जशी अडवायला हवी.

मग त्या काळोखात आईचा चेहरा उमटला.

हळूहळू, कडेपासून. कान, गाल, कपाळावरच्या सुरकुत्या. उजेड खिडकीकडून येत होता. मी बाहेर पाहिलं. रस्ता मोकळा होता. समोरचं झाड होतं, फाटक होतं, कुणीही नव्हतं.

पडद्यावर आई हसत होती. तिने चेहरा सावकाश डावीकडे वळवला, मग उजवीकडे. फोटोवाल्यासमोर वळवतात तसा. उजेडही तिच्याबरोबर फिरला.

पाठीमागे लेक गाण्यावर नाचत होती. कुणीतरी टाळ्यांवर ताल धरला होता.

"आई," मी म्हटलं.

"शू. थांब जरा. किती छान बघतात बघ."

मला तिला तिथून बाजूला न्यायचं होतं. तसं एकदम ओढता येईना, म्हणून मी रुमाल काढला आणि तिच्या गालावरचं क्रीम पुसायला हात पुढे केला. पडद्यावर काळोखातून माझा हात आत आला, काळ्या सावलीसारखा.

हात तिच्या गालाशी थांबला आणि आईचा चेहरा विझला.

पडद्यावर आता फक्त माझी बोटं दिसत होती. उजळलेली, प्रत्येक सांध्यावरची रेघ न् रेघ स्पष्ट.

"अगं, तुझ्याकडे वळले!" आई लहान मुलीसारखी टाळी वाजवून म्हणाली. "माझी लेक आहे म्हणून सांगितलंय मी त्यांना."

मी हात मागे घेतला. उजेड हाताबरोबर आला, मनगटावर, कोपरावर, दंडावर, पडद्याच्या कडेपर्यंत, जिथे चौकट संपते आणि उरलेली मी उभी होते.